बंदीचं पत्र

"आक्का, मशीन चालू कर."

पहाटेचे सव्वापाच वाजले होते. हिंदुराव दुधाची किटली घेऊन माझ्या दारात उभा होता आणि मास्क हनुवटीखाली ओढून हसत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, गोठ्यात चार म्हशी, घरात सून आलेली, पण फुटबॉलचा विषय निघाला की चौथीतलं पोर होतो.

"आत्ता? येड लागलंय काय तुला? वर पाव्हणे झोपलेत."

"म्हणून तर म्हणतोय. झोप मोडायची जरा. आठ वाजता मॅच. डोळं चोळत खेळू देत की बेळगावकर."

कोल्हापुरात आमची पागा गल्ली. खाली माझं चटणी कांडायचं मशीन, वर तालमीचा हॉल. मधे लाकडी तक्तपोशी आणि भिंतीत एक झरोका. मशीन चालू असलं की मिरचीचा खकाणा उठतो, तो ओढून मागच्या बोळात टाकायला मी मोठा पंखा बसवून घेतलाय. पंखा लावला नाही तर सगळा खकाणा त्या झरोक्यातनं वर जातो. हे गल्लीत सगळ्यांना माहीत. हिंदुरावाला तर चांगलंच माहीत.

"मी बेळगावच्या मास्तरांना शब्द दिलाय," मी म्हटलं. "साडेसातपर्यंत मशीनला हात लावत नाही म्हणून."

"शब्द काय, देवळात दिलायस? अगं, गंमत आहे. दहा मिनटं."

आता हे 'गंमत' म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं पेठेपेठेत तालीम, आणि तालीम तिथं फुटबॉलची टीम. समोरच्या टीमची खोडी काढली नाही तर मॅच झाल्यासारखी वाटत नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला चिडवायचे फलक लावायचे, ते जिंकले तर महिनाभर आपण तोंड चुकवायचं, आपण जिंकलो तर त्यांना तोंड दाखवायला जायचं. पण त्या वर्षी खोडी काढायला कुणी उरलंच नव्हतं.

संस्थान चषकाची फायनल होती ती. पागा तालीम विरुद्ध बेळगावचा सीमा स्पोर्ट्स. खरं तर ती आदल्या वर्षीची फायनल. वीस सालच्या मार्चात, बावीस तारखेला ठरली होती. बेळगावकरांची बस कोगनोळीच्या नाक्यापर्यंत आली आणि तिथनंच परत गेली. त्यानंतर सगळं जग बंद झालं. आमच्या तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, 'फायनल बाकी आहे. दिनांक', आणि पुढं मोकळी जागा. त्या जागेवर वर्षभरात चारदा तारीख लिहिली आणि चारदा पुसली. एकदा त्यांच्याकडं रुग्ण वाढले, एकदा आमच्याकडं. एकदा नाका बंद. एकदा तर जर्स्या इस्त्री करून ठेवल्या आणि संध्याकाळी निरोप आला, नाही म्हणून. हिंदुराव दर रविवारी चार वाजता जांभळी जर्सी घालून गोठ्यात बसायचा. फायनल चारलाच होती ना! म्हशी सुद्धा जर्सी बघितली की पान्हा चोरायच्या.

आणि एकवीसच्या मार्चात एकदाची तारीख लागली. सकाळी आठला, प्रेक्षकांशिवाय. वर्ष वर्ष वाट बघितली आणि बघायला बंदी! तरी आम्ही खूश. बेळगावकरांची गत वेगळीच. परत कर्नाटकात शिरायचं तर बहात्तर तासांतला तपासणीचा रिपोर्ट हवा. तो त्यांनी काढून आणलेला, आणि त्याची मुदत मॅचच्या दिवशी संध्याकाळी संपत होती. म्हणजे मॅच एक दिवस पुढं ढकलायची सोय नव्हती. त्यात बाहेरगावची वीस माणसं म्हटल्यावर एकाही लॉजवाल्यानं दार उघडलं नाही. मग आमच्या तालमीनंच सांगितलं, आमच्या हॉलवर उतरा. रात्रीची भाकरी मी थापली. तिखट बेतानं घातलं, खेळायची पोरं म्हणून. त्यांचे परशराम मास्तर ताट धुऊन परत देताना म्हणाले, "वैनी, लॉजवाल्यांनी आमाला दारात उभं केलं नाही ओ. तुमी तर ताटावर बसवलासा."

हे सगळं मला त्या पहाटे आठवत होतं. आठवत होतं तरी मी कमरेची किल्ली काढली.

का? खरं सांगते. एकोणतीस वर्षं चषक आमच्या गल्लीत आला नव्हता. शेवटचा आणला तेव्हा आमचे हे टीममधे होते. आता ते नाहीत. आणि आमचा सयाजी कॅप्टन. चौतिसावं लागलेलं, उजव्या गुडघ्याला पट्टा, फाउंड्रीत आठ तास उभा राहून संध्याकाळी प्रॅक्टिस करणारं माझं पोर. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा सीझन शेवटचा. वीस सालीच सांगितलं होतं, आणि ह्यानं त्या एका फायनलसाठी गुडघा वर्षभर राखून ठेवला होता. चार दिवस सगळी टीम गावाबाहेरच्या शाळेत मुक्कामी होती, कुणाचा संसर्ग नको म्हणून. घर माझं रिकामं. माझ्या डोक्यात फक्त सया आणि तो चषक.

मी मशीनमधे संकेश्वरी मिरचीची घमेली ओतली. बटण दाबलं. पंख्याचं बटण शेजारीच होतं, त्याला हात लावला नाही.

पहिल्यांदा वर कुणीतरी एकटंच खोकलं. मग दोघं. मग सगळा हॉल उठला. खिडक्या धाडधाड उघडल्या, कुणी पाणी मागतंय, कुणी शिव्या घालतंय. हिंदुराव तोंडात मफलर कोंबून हसत होता, आणि मी पदर नाकाला लावून त्याच्याहून जास्त. हसता हसता मलाच ठसका लागला.

जिन्यावर पावलं वाजली तशी मी मशीन बंद केलं. परशराम मास्तर खाली आले. डोळे लालभडक, मिशीवरनं पाणी गळतंय.

"वैनी, काय झालं ओ?"

"अर्जंट होतं," मी म्हणाले. "लग्नघरची चटणी. इलाज नव्हता, मास्तर."

त्यांनी मशीनकडं बघितलं, बंद पंख्याकडं बघितलं, हिंदुरावाकडं बघितलं. मग रुमालानं डोळे पुसले.

"असू दे. पोटाचा धंदा हाय," म्हणाले, आणि वर गेले.

माझं हसू तिथंच विरलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साडेसहाला त्यांची बस गेली. जाताना पोरं खोकतच होती. मी लक्ष दिलं नाही. मार्च महिना, वर्षाची चटणी करायचे दिवस, दारात बायकांची रांग लागलेली. मी पंखा लावून मशीन चालू केलं आणि कामाला लागले. हिंदुरावानं तालमीच्या कट्ट्यावर मोबाइल उभा करून ठेवला. मॅच त्याच्यावर दिसणार होती.

पावणेआठला हिंदुराव ओरडत आला. पायात एकच चप्पल.

"आक्का! पुढे चाल! आपल्याला पुढे चाल मिळाली!"

"फायनलला कसली पुढे चाल?"

"अगं, गेटवर डॉक्टरनं बेळगावच्या पोरांना अडवलं. निम्मी टीम खोकतीय, डोळं लाल. लक्षणं हायत म्हणाली! कुणालाच आत सोडत न्हाईत. मॅच पुढं ढकलावी तर त्यांच्या रिपोर्टाची मुदत आज सपती. आठपर्यंत मैदानात आले न्हाईत तर चषक आपला! बसल्या जागी आपला!"

गल्ली उसळली. कुणीतरी हलगी काढली. सहा फुटांचं अंतर कुठलं नि काय, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. रांगेतली एक म्हातारी हातातली मिरचीची पिशवी डोक्यावर घेऊन नाचायला लागली. कुणी गुलालाचं पोतं आणायला पळालं.

मी मात्र मशीनपाशीच उभी होते. पंखा डोक्याशी घुं घुं करत होता, आणि मला दिसायला लागलं. वरच्या हॉलमधे झरोक्यासमोरच दोरी बांधलेली. त्या दोरीवर रात्री त्यांनी जर्स्या आणि टॉवेल वाळत घातले होते. मीच दिली होती दोरी. सगळा खकाणा त्यांच्यात बसला असणार. तेच अंगात घातलं, त्यालाच तोंडं पुसली. दिवसभर खोकणार होती ती पोरं.

मी मशीन बंद केलं. हिंदुरावाचा हात धरून त्याला आत ओढलं.

"हिंद्या, तो ठसका आपला हाय."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला ते कळलं नव्हतं अशातला भाग नाही. त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"असंल," तो हळूच म्हणाला. "पण डॉक्टर ती हाय का तू? तिनं ठरवलं. आपण काय बेळगावकरांस्नी आजारी पाडलं व्हय?"

"आपणच पाडलं."

"आक्का, एकोणतीस वर्षं! आणि सयाचा गुडघा. विचार कर. न खेळता चषक मिळतोय, गुडघा बी वाचतोय."

त्यानं बरोब्बर दुखरी जागा दाबली. वाटलं, खरंच, काय बिघडलं? कोण सांगायला जातंय? संध्याकाळी सया चषक घेऊन गल्लीत येईल, मी ओवाळीन. आणि मग माझ्या डोळ्यांपुढं ते ओवाळणंच आलं. तो चषक धरून हसणार, मी ताट धरून उभी राहणार, आणि मला माहीत असणार. आज, उद्या, मरेपर्यंत. त्यानं वर्षभर गुडघा राखला तो काय ह्या चषकासाठी? शरम वाटली मला. इतकी शरम मला नवऱ्याच्या माघारी कधी वाटली नव्हती.

"मी जाते मैदानावर," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

"आक्का, गल्ली उभी जाळील तुला!"

"जाळू दे. मिरच्यांनी आधीच भाजलीय."

मी चालायला लागले. हलगीच्या मधनंच गेले. मागनं हिंदुराव, "आक्का ऐक, आक्का थांब, आक्का पाया पडतो." कोपऱ्यावर देवाच्या नावानं शपथ घातली, तरी मी चालतेच. मग त्याचा आवाज बंद झाला. मी म्हटलं, गेला परत. दोनच मिनिटांत फटफट आवाज करत त्याची दुधाची एम-एटी माझ्या शेजारी येऊन थांबली. दोन्ही बाजूला किटल्या.

"चालत कवा पोचणार हाईस?" माझ्याकडं न बघता तो म्हणाला. "बस मागं. बटण दाब म्हणून मीच म्हणलो हुतो."

गेटवर होमगार्ड. आडवा बांबू.

"मावशी, प्रेक्षक बंद. मागं फिरा."

"मला कमिटीला भेटायचंय. त्या पोरांना काही झालेलं नाही."

"ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही काय डॉक्टर आहात?"

सगळे मला हेच विचारत होते. माझं डोकं फिरलं. पहाटेपासनं मशीनवर उभी, अंगभर मिरची. मी पदर धरला आणि त्याच्यासमोर एकदाच झटकला. मास्क असून तो असा खोकला, असा खोकला, की बांबू त्याच्या हातनं सुटला.

"झाला काय तुला करोना?" मी म्हटलं. "मग तुला पण घाला कोंडून."

बिचारा डोळे चोळत राहिला. मी बांबूखालनं वाकून आत गेले. हिंदुराव बाहेरच थांबला, म्हणजे मी बाहेर येईपर्यंत तो होमगार्डला तोंड धुवायला पाणी देत होता.

आत मंडपात कमिटी बसलेली. मधे देसाईसाहेब, कमिटीचे अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर. शेजारी ती डॉक्टरीण, कोवळीशी, बोटाला लावायची यंत्रं पिशवीत भरत होती. आणि मैदानात बघते तर काय, बेळगावची पोरं उघड्या अंगानं ओळीत उभी, आणि आमची पोरं आपल्या सरावाच्या जर्स्या काढून त्यांना देत होती.

मला काही कळेना. मी तर अजून तोंड उघडलं नव्हतं.

"त्यांना सोडलं?" मी विचारलं.

"सोडलं," देसाईसाहेब म्हणाले. "कुणालाही ताप नाही, ऑक्सिजन उत्तम. मिरचीचा ठसका होता. त्यांचे मास्तर आधीपासून तेच म्हणत होते, पण आज गेटवर प्रत्येकजण काहीतरी सबब सांगतो. साक्षीला कुणी नव्हतं. मग तुमच्याच कॅप्टननं येऊन कबूल केलं. मॅच नऊला होईल. तो मात्र खेळणार नाही. हा सामना आणि पुढचा पूर्ण सीझन बाहेर."

"कोण खेळणार नाही?"

त्यांनी बोट केलं. मंडपाच्या खांबाशी खुर्चीवर सया बसला होता. जर्सी काढून मांडीवर घडी घालून ठेवलेली. गुडघ्याचा पट्टा पण सोडलेला.

"काय कबूल केलं ह्यानं?"

"की पहाटे येऊन मशीन त्यानं चालू केलं. खोडी काढायला."

सयानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. गप्प बस, असं.

"आई, तू घरी जा," तो म्हणाला. "बायका थांबल्या असतील."

मला तेव्हा कळलं. मिरचीत जन्मलेलं पोर ते. पाळणा त्याचा मशीनशेजारी टांगलेला होता. गेटवर त्या पोरांच्या जर्स्यांचा वास आला असेल आणि त्यानं एका क्षणात ओळखलं असेल, कुठली मिरची, कुणाचं मशीन, आणि कुणाचा हात. वर्षभर राखून ठेवलेली मॅच त्यानं माझ्या नावाला बट्टा नको म्हणून सोडून दिली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं नव्हे.

"साहेब," मी म्हटलं, "हा खोटं बोलतोय."

"आई!"

"तू मधे बोलू नको. साहेब, हा चार दिवस शाळेत मुक्कामाला होता, तुमचाच माणूस पहाऱ्याला होता तिथं. विचारा त्याला, पहाटे कोण बाहेर पडलं का. आणि हे बघा." मी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मशीनला एकच किल्ली. हे गेल्यापासनं सतरा वर्षं माझ्या कमरेला. मशीन मी चालू केलं. पंखा मी लावला नाही. मुद्दाम. पाव्हण्यांची झोप मोडावी म्हणून. मॅच मोडेल असं माझ्या ध्यानात आलं नाही, पण झोप मोडायची होती हे खरं."

हिंदुरावाचं नाव मी घेतलं नाही. त्यानं फक्त सांगितलं होतं. हात माझा होता.

परशराम मास्तर बाजूला उभे होते. देसाईसाहेबांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पंखा बंद बघितलो होतो की," मास्तर म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"मिरची हाय एवढं सांगितलो. बाईंचं नाव कसं घेणार ओ? रात्री त्यांच्या हातचं जेवलोय."

मी खाली बघितलं. पाय माझे लालेलाल, चपलांत मिरची साठलेली.

देसाईसाहेबांनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली. मग चष्मा काढून म्हणाले, "सयाजी चौगले, जर्सी घाला. आणि खोटं बोलल्याबद्दल आईची माफी मागा, आमची नको." मग माझ्याकडं वळले. "शालनताई, तुमच्यावर मात्र कारवाई करावी लागेल. दोन वर्षं मैदानात प्रवेश बंद. आत्तापासून."

मला हसूच फुटलं. "साहेब, प्रेक्षक बंदच आहेत की! बंदला आणि काय बंदी?"

"ते उघडतील कधीतरी," ते म्हणाले. "आणि आज तुम्ही आत आहात. बाहेर जा."

तेव्हा मला नीट कळलं. मंडपाच्या कडेनं का होईना, मला मॅच दिसली असती. सयाची शेवटची. मी पाच पावलांवर होते. सया पट्टा बांधत होता, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि निघाले. त्याच्या केसांना मिरची लागली असणार, कारण तो शिंकला.

बाहेर भिंतीला टेकून मी आणि हिंदुराव बसलो. त्याचा मोबाइल किटलीवर उभा केला. पण गंमत अशी की मोबाइलवरचं चित्र मागनं यायचं आणि भिंतीपलीकडचा आवाज आधी. मैदान रिकामं. एरवी पंधरा हजार माणसांच्या गोंगाटात शिट्टी पण ऐकू येत नाही. त्या दिवशी बॉलला लागलेला प्रत्येक पाय ऐकू येत होता. सयाचा आवाज तर सारखा. "मागं बघ! सोड! माझा!" चौतीस वर्षांत त्याचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता. घरी तो हळू बोलतो.

पहिला गोल बेळगावचा. हिंदुरावानं किटलीवर डोकं टेकलं. दुसऱ्या हाफमधे कॉर्नर झाला, आणि आतनं ठप्प असा आवाज आला, मग आमच्या पोरांची आरोळी. मी मोबाइलकडं बघत बसले. वीस सेकंदांनी त्यात दिसलं, सया उजव्या गुडघ्यावरनं उडाला होता आणि डोक्यानं बॉल जाळ्यात घातला होता. त्याच गुडघ्यावरनं! हिंदुराव रडायला लागला. मी त्याला गप्प बस म्हटलं आणि स्वतः पण रडले.

एक-एक. मग पेनल्टी. बेळगावचे चार, आमचे तीन असताना आमची शेवटची पेनल्टी सयानं घेतली. शिट्टी ऐकली. पावलं ऐकली, सहा पावलं, पाचवं जरा ओढत. मग पायाचा आवाज, आणि लगेच दुसरा, चापट मारल्यासारखा. गोलकीपरच्या ग्लोव्हजवर बॉल बसला की तसा आवाज येतो. आमचे हे सांगायचे.

"हिंद्या, मोबाइल बंद कर," मी म्हटलं. "अडवली त्यानं."

सया बाहेर आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. लंगडत होता. माझ्यासमोर उभा राहिला.

"हरलो, आई."

"ऐकलं मी. डोक्यानं घातलेला पण ऐकला."

"अडवणारा तोच, डोळं लाल झालेला," तो म्हणाला आणि हसला. "धड दिसत नसताना अडवली लेकानं. भूक लागलीय मला."

तेवढ्यात हिंदुराव उठला. एम-एटीच्या डिकीतनं त्यानं पुडी काढली. सकाळी गल्लीत उडवायला घेतलेला गुलाल. मूठभर घेतला आणि सयाच्या डोक्यावर टाकला.

"अरे, हरलोय मी, हिंदूकाका!"

"माहीत हाय," हिंदुराव म्हणाला, आणि दुसरी मूठ माझ्या डोक्यावर टाकली. मग त्या होमगार्डवर पण टाकली.

गल्लीत आम्ही गेलो तेव्हा हलगी बंद होती. लोक दारात उभे. कुणी माझ्याशी बोललं नाही, दोन दिवस बोललं नाही. मिरचीची पिशवी घेऊन नाचलेली म्हातारी तर पिशवी उचलून दुसऱ्या मशीनवर गेली. हिंदुराव कुणाकडं न बघता तालमीच्या फळ्यापाशी गेला. 'फायनल बाकी आहे' हे हातानं पुसलं आणि खडूनं लिहिलं, 'फायनल खेळलो. पेनल्टीवर हरलो.' आणि पुढच्या मोकळ्या जागेत तारीख घातली. ते वाचायला एकेक जण पुढं आला. तिसऱ्या दिवशी म्हातारी परत माझ्या रांगेत होती. म्हणाली, तिकडं बारीक दळत नाहीत.

आठ दिवसांनी कमिटीचं पत्र आलं. तोवर परत सगळं बंद झालं होतं. सयानं पाकीट फोडलं, वाचलं, आणि थेट फ्रेमवाल्याच्या घरी गेला. त्याचं दुकान बंद, तरी मागच्या दारानं फ्रेम करून आणली. मशीनच्या वर, ह्यांच्या चषकाबरोबरच्या फोटोशेजारी खिळा ठोकला.

"काढ ते," मी ओरडले. "चार माणसं येतात. बंदीचं पत्र काय भिंतीला लावतात?"

"आपल्यात लावतात," तो म्हणाला.

आता त्याला बरीच वर्षं झाली. बंदी केव्हाच संपली, मी परत मैदानात जाते, सया पोरांना शिकवतो, तेव्हा त्याच्यावर ओरडते पण. दर मार्चला बेळगावहून ब्याडगी मिरचीची एक पिशवी येते, वर परशराम मास्तरांची चिठ्ठी असते, 'पंखा लावून कांडणे.' पत्र अजून तिथंच आहे. काचेवर मिरची बसते, मी रोज पुसते. वरच्या ओळी सगळ्या माझ्या गुन्ह्याच्या आहेत, नाव, पत्ता, कलम, मुदत. शेवटून दुसरी ओळ सयानं लाल पेनानं अधोरेखित केलीय. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं आणि विचारलं की मी तेवढी वाचून दाखवते.

'सदर महिलेने कोणीही न बोलावता मैदानावर येऊन स्वतःविरुद्ध साक्ष दिली, याची समिती नोंद घेत आहे.'